डोक्याला खोक पडली तर: पहिल्या मिनिटापासून टाके निघेपर्यंत

डोकं फुटलं की घरात जो गोंधळ उडतो तो रक्तामुळे. शर्टाची कॉलर, टॉवेल, बाथरूमची फरशी सगळं लाल, आणि ज्याला लागलंय तो म्हणतोय, "अरे, मला काही झालेलं नाही." आमच्या घरात हे वेगवेगळ्या वेळी झालंय. माझं डोकं जिन्याखालच्या तुळईला आपटलं, पुढे सासरे न्हाणीघरात घसरले, मग भाच्याला शाळेतून थेट दवाखान्यात न्यावं लागलं. त्या फेऱ्यांमध्ये डॉक्टरांना, सिस्टरना विचारून विचारून जे कळलं ते इथे क्रमाने लिहितोय. मी डॉक्टर नाही, त्यामुळे टाके कसे घालायचे हे इथे मिळणार नाही. टाके पडेपर्यंत आणि पडल्यानंतर घरच्यांनी काय करायचं, एवढंच आहे.

रक्त हा यातला सोपा भाग आहे. ते हाताने थांबतं. अवघड भाग म्हणजे कवटीच्या आत काही झालंय का हे ओळखणं, आणि बाहेर किती रक्त गेलं यावरून ते कळत नाही. मोठी खोक पडून मेंदू सुखरूप असू शकतो, आणि साधं टेंगूळ दिसत असताना आत रक्तस्राव चालू असू शकतो.

## १. इतकं रक्त का येतं, हे आधी समजून घ्या

डोक्याच्या कातडीला पाच थर असतात. सगळ्यात वर केसांची कातडी. तिच्याखाली घट्ट तंतुमय थर, ज्यातून रक्तवाहिन्या जातात. मग गॅलिया नावाचा चिवट पांढरा पडदा, त्याखाली एक सैल थर, आणि शेवटी कवटीच्या हाडाला चिकटलेलं आवरण.

हातापायाला कापलं की रक्तवाहिनी आकसते, तिचं तोंड बंद होत जातं. डोक्यात तसं होत नाही. तंतूंनी तिला चारी बाजूंनी धरून ठेवलेलं असतं, म्हणून तोंड उघडंच राहतं. शिवाय कपाळावरून, कानाच्या पुढून, कानामागून आणि मानेकडून येणाऱ्या वाहिन्या डोक्यावर एकमेकींना जोडलेल्या असतात. त्यामुळे जखमेच्या दोन्ही कडांतून रक्त येतं. याचा फायदाही आहे: रक्तपुरवठा भरपूर असल्यामुळे डोक्याची जखम लवकर भरते आणि इतर जागेपेक्षा कमी चिघळते.

गॅलिया फाटला असेल तर जखम आ वासते, कारण कपाळाचा स्नायू तिला पुढे ओढतो आणि मागचा मागे. अशी उघडी पडलेली खोक पट्टी लावून भरत नाही. आणि त्याखालचा जो सैल थर आहे, तिथे रक्त किंवा पू झाला तर तो डोकंभर पसरू शकतो. त्या थरातून काही शिरा कवटीच्या आत जातात. डोक्याची चिघळलेली जखम अंगावर काढू नये, असं डॉक्टर जे बजावतात ते याच शिरांमुळे.

## २. पहिली दहा-पंधरा मिनिटं: दाबून धरा

१. माणसाला बसवा, पाठ टेकवा. उंचावरून पडला असेल, गाडीचा अपघात असेल किंवा मान दुखत असेल तर हलवू नका. आहे तिथेच, डोकं-मान सरळ धरून ठेवा आणि १०८ ला फोन करा.

२. हातात ग्लोव्हज असतील तर घाला. नसतील तर प्लास्टिकची स्वच्छ पिशवीही चालते.

३. स्वच्छ सुती कापड घ्या. निर्जंतुक गॉज असेल तर उत्तम, नाहीतर धुतलेला पंचा, रुमाल, ओढणी. घडी करून जखमेवर ठेवा आणि तळव्याने घट्ट दाबा. सुटा कापूस नको, त्याचे धागे जखमेत अडकतात.

४. घड्याळ लावून सलग दहा ते पंधरा मिनिटं दाबा. मध्ये उचलून बघायचं नाही. सगळे इथेच फसतात. दर मिनिटाला "थांबलं का?" म्हणून कापड उचललं की नुकती बसलेली गुठळी सुटते आणि पुन्हा पहिल्यापासून.

५. कापड भिजलं तर ते काढू नका, त्यावरच दुसरं ठेवा आणि आणखी जोर द्या.

६. रक्त आटोक्यात आलं की पट्टी बांधा. साधी रोलर पट्टी केसांवरून घसरते. क्रेप बँडेज कपाळावरून सुरू करून डोक्याच्या मागच्या उंचवट्याच्या खालून फिरवलं तर टिकतं. ते नसेल तर उपरणं तिकोनी घडी करून कपाळाशी बांधा. गावाकडे फेटा बांधणाऱ्या माणसाला हे शिकवावं लागत नाही.

दाबण्याला दोन अपवाद आहेत. जखमेखाली हाड आत गेल्यासारखं, मऊ किंवा हलतंय असं वाटलं तर मधोमध दाबू नका. स्वच्छ कापड अलगद ठेवून कडेकडेने दाब द्या. आणि जखमेत काच, खिळा, सळई असं काही रुतलं असेल तर ते ओढून काढू नका. तेच कदाचित रक्त अडवून धरत असेल. त्याच्या दोन्ही बाजूंना कापडाच्या घड्या लावून ते हलणार नाही असं करा आणि तसंच घेऊन जा.

तान्ह्या मुलाच्या बाबतीत वाट बघू नका. त्याच्या अंगात रक्तच थोडं असतं, त्यामुळे मोठ्या माणसाला फरक पडणार नाही एवढं रक्तही त्याला धोक्याचं ठरू शकतं.

## ३. जखमेत काय भरू नये

हळद, कॉफी पावडर, चहा पावडर, चुना, तंबाखू, अंगारा, टूथपेस्ट, शेण. यादी मोठी आहे आणि प्रत्येक घरात एक तरी जाणती व्यक्ती यातलं काहीतरी घेऊन धावत येते. हळदीबद्दल भावना तीव्र असतात, मला माहीत आहे. पण ड्रेसिंगच्या टेबलावर सिस्टरला ती पिवळी-काळी पेस्ट खरवडून काढायला लागते. त्यात जखम पुन्हा वाहते, दुखतं जास्त, आणि कडा नीट दिसेपर्यंत वेळ जातो. कॉफीने रक्त थांबल्यासारखं वाटतं कारण कोणतीही पूड दाबून धरली की तसं वाटणारच. थांबवतो तो दाब.

डेटॉल किंवा स्पिरिट थेट ओतू नका, हायड्रोजन पेरॉक्साइडही नको. जंतू मरतात तसा जखमेच्या कडांवरचा जिवंत भागही भाजतो. खोक छोटी असेल, रक्त थांबलं असेल आणि आत माती-खडी असेल तर पिण्याच्या स्वच्छ पाण्याची धार पुष्कळ आहे. मात्र खोल जखमेवर, किंवा कवटीला तडा गेल्याची शंका असेल तिथे पाणीही घालू नका. ते काम दवाखान्यात होऊ दे.

पडल्या पडल्या पाणी पाजणं, साखर भरवणं हेही टाळा. माणूस अर्धवट शुद्धीत असेल तर ते श्वासनलिकेत जाऊ शकतं. झटका आलेल्याला कांदा किंवा चप्पल हुंगवण्याने काही होत नाही. त्याला कुशीवर वळवा.

## ४. घरी भागेल की टाके लागतील?

रक्त थांबल्यावर उजेडात, शक्य तर मोबाईलच्या टॉर्चने, केस बाजूला करून बघा. केसांना रक्त चिकटून जखम असते त्यापेक्षा मोठी दिसते, किंवा केसांखाली लपून लहान वाटते. दोन्ही होतं. आजूबाजूलाही हात फिरवा. एका खोकेपायी दुसरी राहून जाते.

वरवरचं खरचटलेलं असेल, कडा आपोआप जुळलेल्या असतील, दाबल्यावर रक्त थांबलं असेल आणि पुढच्या भागातलं एकही लक्षण नसेल तर घरी चालेल. फक्त धनुर्वाताच्या इंजेक्शनचं बघा.

कडा फाकत असतील, आत पांढरं काही दिसत असेल, पंधरा मिनिटं नीट दाबूनही रक्त येत असेल, चावा असेल, जखम गंजक्या पत्र्याची किंवा शेणामातीतली असेल, किंवा बाळ वर्षाच्या आतलं असेल तर दवाखाना. डोक्याच्या स्वच्छ जखमेला काही तास उलटल्यावरही टाके घालता येतात, म्हणून उशीर झाला या भीतीने गाडी पळवू नका. पण "उद्या बघू" हेही नको.

## ५. खरा धोका: आत काय चाललंय

ही लक्षणं पाठ करा, किंवा फ्रिजवर लावा. यातलं एकही दिसलं तर जवळचा फॅमिली डॉक्टर नाही, सीटी स्कॅनची सोय असलेलं रुग्णालय गाठा:

- क्षणभर का होईना, शुद्ध गेली होती
- एकापेक्षा जास्त उलट्या
- झटका
- तेच तेच विचारणं, दिवस-जागा न कळणं, पडल्याचं न आठवणं
- वाढत जाणारी डोकेदुखी
- गुंगी, जागं करायला कष्ट पडणं
- हात, पाय किंवा चेहऱ्याची एक बाजू कमजोर, बोबडं बोलणं
- एक बाहुली मोठी, एक लहान. एकाचं दोन दिसणं
- नाकातून किंवा कानातून पाण्यासारखा द्रव किंवा रक्त
- कानामागे किंवा दोन्ही डोळ्यांभोवती काळंनिळं
- वय ६५ किंवा जास्त
- रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू: वॉरफॅरिन, असिट्रोम, क्लोपिडोग्रेल, इकोस्प्रिन वगैरे

शेवटचे दोन मुद्दे लोक सोडून देतात, कारण आजोबा चहा पीत गप्पा मारत असतात. पण हृदयाच्या गोळ्या घेणाऱ्या माणसाला डोक्याला मार लागला की त्याचा बरा दिसणारा चेहरा पुरावा म्हणून धरू नये. माझ्या सासऱ्यांच्या वेळी कॅज्युअल्टीतल्या डॉक्टरांनी जखम बघायच्या आधी गोळ्यांचं पाकीट मागितलं होतं.

कवटी आणि मेंदूवरचं आवरण यांच्यामध्ये रक्त साठतं तेव्हा एक फसवा प्रकार होऊ शकतो. मार लागल्यावर माणूस थोडा वेळ बेशुद्ध होतो, मग उठतो, बोलतो, जेवतोसुद्धा. काही तासांनी गुंगी चढते आणि तब्येत झपाट्याने ढासळते. मधल्या काळात "बरा आहे" म्हणून घरी थांबणं महागात पडतं. तसंच दारू प्यायलेल्याचं. "चढलीय, झोपू दे" असं म्हणून दारूच्या नावावर गुंगी खपवू नका.

सीटी प्रत्येकाला लागतो असं नाही. कॅनडातल्या डॉक्टरांनी २००१ मध्ये यासाठी एक नियमावली प्रसिद्ध केली आणि ती जगभर वापरली जाते. मार लागून थोडी शुद्ध हरपली, विसर पडला किंवा गोंधळ झाला अशा मोठ्या माणसांसाठी ती आहे. त्यात दोन किंवा जास्त उलट्या, ६५ वर्षं वय, तीन फुटांवरून किंवा पाच पायऱ्यांवरून पडणं, मार लागण्याआधीच्या अर्ध्या तासाचं न आठवणं असे प्रश्न आहेत. डॉक्टर तुम्हाला नेमकं हेच विचारतील, म्हणून उत्तरं तयार ठेवा. लहान मुलांना आणि रक्त पातळ करणाऱ्या गोळ्यांवरच्या लोकांना ही नियमावली लागू नाही, त्यांचा विचार वेगळा होतो. दोन वर्षांखालच्या मुलाला कपाळ सोडून बाजूला किंवा मागे मऊ, फुगीर टेंगूळ आलं तर जखम नसली तरी दाखवा.

झोपेबद्दल: "डोक्याला लागलंय, झोपू देऊ नका" हा सल्ला सगळे देतात. तपासून घरी सोडलेल्या माणसाने झोपायला हरकत नाही. फक्त पहिली रात्र कोणीतरी सोबत हवं, आणि डॉक्टरांनी सांगितलं असेल त्या अंतराने उठवून नाव, जागा विचारायची. सहज जागा झाला, ओळखीचं बोलला, तर झोपू दे.

## ६. कुठे न्यायचं आणि सोबत काय घ्यायचं

नुसती खोक असेल तर प्राथमिक आरोग्य केंद्र किंवा कोणताही सर्जन पुरेसा आहे. वरच्या यादीतलं काही असेल तर निघण्याआधी फोन करून दोन प्रश्न विचारा: सीटी मशीन आत्ता चालू आहे का, आणि न्यूरोसर्जन आहेत का. तालुक्याच्या ठिकाणी टाके घालून "आता जिल्ह्याला न्या" असं ऐकण्यापेक्षा हे बरं. सिंधुदुर्गातले लोक डोक्याचा मार म्हटलं की गोव्यात बांबोळीच्या मेडिकल कॉलेजला पळतात, ते याच कारणाने. १०८ ची गाडी मोफत आहे. अपघाताची नीट माहिती दिलीत तर कुठे न्यायचं हेही ते सांगतात.

सोबत घ्या:

- आधार कार्ड, आणि रेशन कार्ड (सरकारी आरोग्य योजनेसाठी लागतं)
- चालू गोळ्यांची पाकिटं, नुसती नावं नकोत
- विम्याचं कार्ड किंवा पॉलिसीचा नंबर
- शेवटचं धनुर्वाताचं इंजेक्शन कधी घेतलं. मुलांसाठी लसीकरणाचं कार्ड
- अ‍ॅलर्जी, मधुमेह, दम्याची माहिती
- काही रोख पैसे, मोबाईलचा चार्जर, पुढे बटणं असलेला एक शर्ट (डोक्यातून ओढून घालायचे कपडे टाके पडल्यावर नकोसे होतात)
- जे घडलं ते पाहिलेला माणूस. हा सगळ्यात महत्त्वाचा कागद, कागद नसला तरी.

गाडीचा अपघात, मारामारी, कामावरचा अपघात असेल तर रुग्णालय एमएलसी, म्हणजे वैद्यकीय-कायदेशीर नोंद करतं. घाबरू नका. "आधी पोलीस, मग उपचार" असं कोणी म्हणालं तर ते चूक आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९८९ मध्ये परमानंद कटारा खटल्यात उपचार आधी, हे स्पष्ट केलंय. रस्त्यात पडलेल्या अनोळखी माणसाला तुम्ही आणलं असेल तर मोटार वाहन कायद्यातल्या २०१९ च्या दुरुस्तीने मदत करणाऱ्याला संरक्षण आहे. तुमचं नाव-पत्ता देण्याची सक्ती होऊ शकत नाही.

एमएलसीचा नंबर मात्र लिहून घ्या. विम्याला, नुकसानभरपाईला तोच लागतो. आणि कारण खरं सांगा. नवऱ्याने मारलेलं असताना "बाथरूममध्ये पडले" असं केसपेपरवर लिहून घेतलं की पुढे ते बदलणं फार कठीण जातं. सोबत तोच माणूस उभा असेल तर डॉक्टरांना एकटीने बोलायचंय असं सांगा. ते त्याला बाहेर काढतात.

## ७. कॅज्युअल्टीत काय होतं

आधी तपासणी. केसपेपरवर "जीसीएस १५/१५" असं काही दिसेल. ग्लासगोच्या दोन डॉक्टरांनी १९७४ मध्ये बनवलेली ही शुद्धीची मोजणी आहे. डोळे उघडण्याला ४, बोलण्याला ५, हालचालीला ६ गुण. १५ म्हणजे पूर्ण शुद्धीत, ३ म्हणजे सगळ्यात कमी. दुसऱ्या रुग्णालयात हलवायची वेळ आली तर हा आकडा आणि त्याची वेळ नक्की मागून घ्या. तिथले डॉक्टर पहिला प्रश्न तोच विचारतात.

मग जखम धुतात. डॉक्टर ग्लोव्हज घातलेलं बोट आत फिरवून हाड तपासतात. बघणाऱ्याला भोवळ येऊ शकते, तेव्हा नातेवाइकांनी खाली बसावं. सुन्न करण्याचं इंजेक्शन जखमेच्या कडांना देतात. ते काही सेकंद चांगलंच झोंबतं. त्यानंतर ओढल्यासारखं कळतं, दुखत नाही. दुखलंच तर सांगा, आणखी देता येतं.

केस सगळे काढायची गरज नसते. कडेचे थोडे कापतात, कधी तेही नाही. पूर्वी सरसकट वस्तरा फिरवायचे, आता ते कमी झालंय, कारण वस्तऱ्याने कातडी सोलवटते. मुलीची आई केसांसाठी रडत असेल तर तिला हे आधीच सांगा.

बंद करण्याच्या पद्धती तीन-चार आहेत. आतला गॅलिया फाटला असेल तर विरघळणाऱ्या धाग्याने आधी तो शिवतात, मग वरची कातडी नायलॉनसारख्या धाग्याने. काळ्या केसांत काळा धागा शोधताना नंतर नाकी नऊ येतात, म्हणून काही डॉक्टर निळा वापरतात. दुसरी पद्धत स्टेपलची. लोक त्याला पिना म्हणतात. झटपट होतं, खर्च थोडा जास्त. निघण्याआधी विचारा: या काढायच्या कुठे? पिना काढायचं खास यंत्र लागतं, आणि गावच्या दवाखान्यात ते नसलं तर पुन्हा शहराची फेरी. पुढे एमआरआय काढायचा प्रसंग आला तर पिना आहेत हेही सांगावं लागतं.

तिसरी पद्धत मला सगळ्यात आवडते: जखमेच्या दोन्ही बाजूंचे केस घेऊन, एकमेकांत पिळून, त्यावर औषधी गोंदाचा थेंब. सुई नाही, टाका काढणं नाही. सिंगापूरच्या डॉक्टरांनी २००२ मध्ये याचा अभ्यास प्रसिद्ध केला. केस निदान तीन सेंटिमीटर लांब हवेत, जखम सरळ, फार मोठी नाही आणि रक्त थांबलेलं हवं. मुलांसाठी जमत असेल तर विचारून बघा. सगळीकडे करत नाहीत.

बाहेर आल्यावर प्रत्येक जण विचारेल, "किती टाके पडले?" त्या आकड्यावरून मार किती गंभीर हे ठरत नाही. मला भेटायला आलेल्या निम्म्या लोकांचा त्यावर विश्वास बसला नाही.

## ८. धनुर्वात, अँटिबायोटिक आणि कुत्रा

लसीकरण पूर्ण झालेलं असेल तर स्वच्छ, छोट्या जखमेला शेवटच्या डोसला दहा वर्षं झाली असतील तरच धनुर्वाताचं इंजेक्शन लागतं. मातकट किंवा खोल जखमेला पाच वर्षांनी. "सहा महिने झाले, पुन्हा टीटी घ्या" ही आपल्याकडची सवय आहे, गरज नाही. हल्ली टीटीऐवजी टीडी देतात, त्यात घटसर्पाचीही लस असते. लस कधीच घेतली नसेल आणि जखम घाण असेल तर वेगळं तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शनही लागतं. ते आठवणीने विचारा.

स्वच्छ, नीट धुतलेल्या खोकेला अँटिबायोटिक बहुधा लागत नाही. डॉक्टरांनी लिहून दिलं तर पूर्ण कोर्स करा, नाही लिहिलं तर मेडिकलवाल्याकडून मागून घेऊ नका. चाव्याची गोष्ट वेगळी.

कुत्रा, मांजर, माकड यांनी डोक्याला चावा घेतला असेल तर वर लिहिलेलं पाण्याबद्दलचं विसरा. साबण आणि वाहत्या पाण्याने पंधरा मिनिटं धुवा आणि त्याच दिवशी निघा. डोकं मेंदूच्या जवळ, म्हणून रेबीज लवकर उद्भवू शकतो. कातडी फाटलेला चावा तिसऱ्या, म्हणजे सगळ्यात गंभीर श्रेणीत धरतात. त्यात लसीबरोबर रेबीजचं सीरम जखमेतच टोचावं लागतं. टाके शक्यतो लांबवतात, घालायचेच तर सीरम भरल्यानंतर आणि सैल. "आधी टाके घाला, रक्त येतंय" असा आग्रह धरू नका. लस कातडीत देत असतील तर ० (म्हणजे पहिला दिवस), ३, ७, २८ या दिवशी, स्नायूत देत असतील तर १४ वा दिवसही. एकही चुकवायचा नाही.

## ९. घरी आल्यावर

दुखण्यासाठी पॅरासिटामॉल. अ‍ॅस्पिरिन, आयब्युप्रोफेन पहिले दोन दिवस स्वतःहून घेऊ नका, रक्तस्राव वाढू शकतो. हृदयासाठी चालू असलेली गोळी मात्र स्वतःच्या मनाने बंद करायची नाही, डॉक्टरांना विचारायचं. दारू पूर्ण बंद.

टाके किंवा पिना असतील तर साधारण २४ ते ४८ तासांनी डोकं हलक्या हाताने धुता येतं. सौम्य शाम्पू, नखं न लावता, मग टिपून कोरडं. घासायचं नाही. पाण्यात बुडवायचं नाही, म्हणजे पोहणं, विहीर, नदी बंद. गोंद लावला असेल तर दोन दिवस कोरडंच ठेवा, आणि त्यावर तेल किंवा मलम अजिबात नको. तेलाने गोंद सुटतो. सांगायचं कारण, आपल्याकडे डोक्याला काही झालं की तेलाची बाटली आपोआप पुढे येते. डाय, मेंदी, घट्ट वेणी, हेल्मेट हे सगळं जखम भरेपर्यंत लांब.

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी पापणी सुजून काळीनिळी होऊ शकते. कपाळाजवळच्या खोकेतलं रक्त त्या सैल थरातून खाली उतरतं, म्हणून. पण दोन्ही डोळ्यांभोवती वर्तुळं आली किंवा नाकातून पाणी येत असेल तर ते वेगळं. लगेच दाखवा.

टाके साधारण सात ते दहा दिवसांनी काढतात. घरी ब्लेडने काढायचा मोह आवरा. केसांत एखादा राहून जातो आणि महिन्याने तिथे पू होतो. ठणका वाढणं, लाली पसरणं, पू, वास, ताप, मानेत गाठी, यातलं काही आलं तर टाके काढायच्या तारखेची वाट बघू नका. मधुमेह असेल तर एकदा मध्येच ड्रेसिंगला जा.

## १०. वेगळे प्रकार, ज्यांना वेगळी घाई लागते

वेणी, ओढणी, पदर गिरणीच्या पट्ट्यात, रसाच्या चरकात, मळणी यंत्रात किंवा जत्रेतल्या पाळण्यात अडकून डोक्याची कातडीच उपटून निघते. भयंकर प्रकार आहे, पण तो निघालेला भाग फेकू नका. ओल्या, स्वच्छ गॉजमध्ये गुंडाळा, प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड बंद करा, आणि ती पिशवी बर्फ घातलेल्या पाण्यात ठेवा. थेट बर्फावर ठेवला तर तो मरतो. रक्तवाहिन्या सूक्ष्मदर्शकाखाली जोडून अशी कातडी परत बसवता येते, १९७६ पासून वैद्यकात त्याची नोंद आहे. त्यासाठी प्लास्टिक सर्जन असलेलं मोठं रुग्णालय हवं, आणि तेही काही तासांत. डोक्यावर घट्ट दाबपट्टी बांधून निघा.

दुर्लक्ष झालेल्या जखमेत, विशेषतः उवा असलेल्या मुलींच्या किंवा अंथरुणाला खिळलेल्या माणसाच्या डोक्यात, किडे पडतात. रॉकेल किंवा फिनेल ओतू नका. दवाखान्यात ते रीतसर काढतात आणि औषध देतात. लाजेपायी घरी झाकून ठेवलं तर किडे खोल जातात.

मुलाच्या डोक्यात मऊ, पू भरलेलं, केस गळणारं गळू दिसलं तर ते कापून घेण्याआधी त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा. बऱ्याचदा तो बुरशीचा प्रकार असतो आणि महिनाभर किंवा त्याहून जास्त गोळ्या घेऊन बरा होतो. टक्कल असलेल्या वयस्कर माणसाच्या डोक्यावरची, मार न लागता झालेली आणि काही आठवडे न भरणारी जखम तुकडा काढून तपासावी लागते. कर्करोग नाही ना, ते बघायला.

आणि म्हाताऱ्या माणसांचं एक. डोक्याला किरकोळ मार लागला, टाकेही निघाले, सगळे विसरले. तीन-चार आठवड्यांनी आजी चालताना एका बाजूला झुकतायत, नावं विसरतायत, दिवसा झोपतायत. घरचे म्हणतात, वय झालं. मेंदूवर हळूहळू साठलेलं रक्त असं वागू शकतं, आणि वेळेत कळलं तर कवटीला भोक पाडून ते काढता येतं. डॉक्टरकडे गेल्यावर बाकी काही सांगायच्या आधी "महिन्यापूर्वी पडल्या होत्या" हे सांगा, आणि जुना केसपेपर सोबत न्या.